‘स्वभाव’ पुरे, आता कारण विचारा!

शाळेच्या मराठीच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो. अमुक कथेतील अमुक पात्राचे स्वभावविशेष लिहा. मुले गाइड उघडतात, पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत उतरवून काढतात. तो कष्टाळू होता, भोळा होता, भित्रा होता, तापट होता. चार विशेषणे, चार मार्क. पण तो भित्रा का होता? कोणाला भीत होता? भ्यायला नसता तर त्याचे काय झाले असते? हे पेपरात कोणी विचारत नाही. माणूस मुळातच तसा असतो, एवढे गृहीत धरले की पुढचा विचार करण्याची गरज उरत नाही.

आम्हाला हा प्रश्न वाटतो तितका साधा वाटत नाही. ‘स्वभाव’ या शब्दाने या देशात फार मोठे काम केलेले आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात चारही वर्णांची कर्मे सांगितली आहेत आणि सेवा हे शूद्राचे स्वभावातूनच आलेले कर्म ठरवले आहे. सेवा करायला लावणारा कोण, न केल्यास शिक्षा देणारा कोण, हा प्रश्नच मग निकालात निघाला. तो सेवा करतो, कारण तो त्याचा स्वभाव! पुढे इंग्रज आले. त्यांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पाळण्यातल्या पोरालाही गुन्हेगार ठरवणारा तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. धर्मग्रंथ असो की सरकारी दप्तर, दोन्हींची युक्ती एकच. माणसाच्या कृतीमागचे कारण काढून घ्यायचे आणि तेथे स्वभाव ठेवून द्यायचा.

आमच्या कथाकारांनी नेमके याच्या उलट केले. त्यांनी कारण परत आणून ठेवले. म्हणूनच दलित कथा वाचताना पात्राचा स्वभाव शोधणे म्हणजे त्या कथाकाराची मेहनत पाण्यात घालणे होय. पात्र असे का वागले, हा प्रश्न केवळ साहित्याच्या तासाचा नाही. तो समतेचा प्रश्न आहे. ज्याच्या वागण्याला कारण असते तो माणूस. ज्याच्या वागण्याला फक्त स्वभाव असतो, त्याला व्यवस्थेने गुराढोरांच्या रांगेत उभे केलेले असते.

हे आम्ही हवेत बोलत नाही. नाशिक जिल्ह्यानेच याचा मोठा दाखला दिलेला आहे. ज्या वर्षी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला त्या १९३० साली, नाशिकरोडजवळच्या विहितगावात बाबुराव बागूल जन्माला आले. मुंबईला माटुंगा लेबर कॅम्पात वाढले. मिळेल ते काम करत राहिले. सुरतेकडे रेल्वेत नोकरीला असताना राहायला खोली मिळावी म्हणून त्यांना जात लपवावी लागली, आणि ते सहन न होऊन त्यांनी ती नोकरी सोडली. याच अनुभवाच्या निखाऱ्यातून ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा आली. त्याच नावाचा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला आणि मराठी कथेच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्याची काच खळकन फुटली. २००८ साली बाबुराव गेले. कथा मात्र जुनी व्हायला तयार नाही.

कथेचा नायक तरुण आहे, शिकलेला आहे, कविता करणारा आहे. गुजरातेत उधना येथे रेल्वेत कामाला लागतो. जात सांगत नाही. जात माहीत नसते तोवर सोबतचे लोक त्याला मान देतात, घरात घेतात. जात कळते तेव्हा तेच लोक त्याच्यावर तुटून पडतात. त्याला सोडवायला काशिनाथ सपकाळ धावून येतो. हा त्याच्याच जातीचा कामगार. पण याने जात कधीच लपवलेली नाही, उलट जातीवरून कोणी बोलले तर चाकू काढायला तो तयार.

इगतपुरीत काही तरुणांसोबत ही कथा वाचण्याचा योग आला होता. वाचून झाल्यावर आम्ही विचारले, नायकाने जात का लपवली? पोरांनी फटाफट उत्तरे दिली. भित्रा होता. लाज वाटत होती. न्यूनगंड होता. स्वाभिमान नव्हता. कॉलेजात शिकणाऱ्या, जयंतीत पुढे असणाऱ्या आपल्याच पोरांची ही उत्तरे! मागच्या बाजूला रेल्वेतून निवृत्त झालेले एक वृद्ध बसले होते. ते एवढेच म्हणाले, “पोरांनो, परक्या गावात भाड्याने खोली शोधलीय का कधी?”

सभा गप्प झाली. कारण उत्तर त्या प्रश्नातच होते. नायकाला काय हवे होते? क्रांती नको होती, मोठेपणा नको होता. त्याला डोक्यावर छप्पर हवे होते. दिवसभर काम करून आल्यावर पाठ टेकायला जागा हवी होती. पगार मिळत होता, भाडे द्यायची तयारी होती. म्हणजे जी वस्तू पैसे टाकले की कोणालाही मिळते, तीच वस्तू त्याला जातीची किंमत मोजल्याशिवाय मिळत नव्हती. हे एकदा लक्षात आले की ‘भित्रा’ हा शब्द तोंडातच विरघळतो. आजही शहरात खोली दाखवण्याआधी “आडनाव काय?” म्हणून विचारणारे घरमालक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

आणि मग कथेचे शीर्षक पुन्हा वाचावे. बाबुरावांनी ‘लपवली’ लिहिले नाही, ‘चोरली’ लिहिले. चोर दुसऱ्याची वस्तू चोरतो; येथे माणसाला स्वतःचीच ओळख चोरावी लागते. चोराला काहीतरी लाभ होतो. याला काय मिळाले? जे इतरांना हक्काने मिळते तेवढेच, आणि तेही उधारीवर, पकडले जाईपर्यंत. चोराची धास्ती मात्र सगळी याच्या वाट्याला आली. पात्राचा हेतू शोधायचा तर असा शब्दाला धरून शोधावा लागतो. गाइडमध्ये तो सापडत नाही.

इगतपुरीकरांना हे समजावून सांगायला एक चांगला दाखला आहे. १८६५ साली रेल्वे घाट चढून इगतपुरीला पोहोचली आणि हे गाव रेल्वेचे गाव झाले. कसाऱ्याहून वर येणारा घाट इतका उभा की दर ३७ फुटांमागे १ फूट चढ. पुढच्या एका इंजिनाला हा भार ओढवत नाही. म्हणून अनेक गाड्यांना कसाऱ्याला मागून आणखी इंजिने लावतात. रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. बँकर गाडीला मागून रेटत वर आणतात आणि इगतपुरीला सुटतात. पुढच्या डब्यात बसलेल्याला वाटते, पुढचे इंजिनच गाडी ओढते आहे. मागचा रेटा त्याला दिसत नाही.

कथेतल्या पात्राचेही तसेच आहे. त्याची कृती आपल्याला पुढून दिसते: खोटे बोलला, पळाला, चोरी केली, चाकू काढला. त्याला मागून रेटणारे इंजिन दिसत नाही, कारण ते कथेच्या मागच्या डब्याला जोडलेले असते. कधी एका वाक्यात, कधी बापाच्या धंद्याच्या उल्लेखात, कधी नुसत्या आडनावात. ज्याला कथा वाचायची आहे त्याने गाडीच्या मागच्या टोकापर्यंत चालत जायला हवे.

बाबुरावांच्या नायकामागे कोणते इंजिन होते, हे पाहायचे तर याच लोहमार्गावर पुढे मनमाडला जावे लागेल. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी तेथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी तेथेच ठणकावून सांगितले. त्या भाषणात त्यांनी रेल्वेतली बारीक व्यवस्थाही उघडी करून दाखवली. अस्पृश्य कामगार आयुष्यभर गँगमनच राहतो. त्याला साधा पोर्टरसुद्धा करत नाहीत. का? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि अस्पृश्य माणूस घरात चालत नाही! रूळ त्याने सांभाळायचे, ऊनपावसात त्याने राबायचे, पण स्टेशनमास्तरच्या उंबरठ्याच्या आत त्याने यायचे नाही. लक्षात घ्या, बाबासाहेब येथे शिव्याशाप देत नाहीत. स्टेशनमास्तर दुष्ट आहे, असे म्हणून थांबत नाहीत. ते कारण दाखवतात. पोर्टरची जागा आणि स्वयंपाकघराचा विटाळ यांचा धागा जोडून देतात. ही कथा वाचण्याचीच पद्धत आहे!

आता एक गोष्ट आपल्यालाही आवर्जून सांगावीशी वाटते. कडू वाटली तरी ऐकावी. प्रस्थापित समीक्षक पात्राचा ‘स्वभाव’ सांगतात. आणि आपल्यातले अनेक वक्ते, प्राध्यापक, विद्यार्थी एकच शब्द वापरून मोकळे होतात: ‘व्यवस्था’. तो असा का वागला? व्यवस्थेमुळे. ती अशी का वागली? व्यवस्थेमुळे. सगळ्या कुलुपांना एकच किल्ली! हेही पात्राचा हेतू काढून घेणेच आहे. तेथे माणूस स्वभावाच्या हातचे बाहुले होता, येथे तो व्यवस्थेच्या हातचे बाहुले झाला. दोन्हीकडे तो माणूस नाहीच.

बाबुरावांनी हे होऊ दिले नाही. म्हणून तर त्यांनी काशिनाथ उभा केला. नायक आणि काशिनाथ, दोघांची जात एक, कारखाना एक, गाव एक. मागचा रेटाही एकच. मग एकजण जात लपवतो आणि दुसरा छाती काढून सांगतो, हे कसे? रेटा एक असला तरी पुढच्या इंजिनात हात ज्याचा त्याचा असतो. एकाने ठरवले, आधी पाय रोवू. दुसऱ्याने ठरवले, आधी मान ताठ ठेवू. दोघांनी आपापल्या निर्णयाची किंमत मोजली. एकाने मार खाल्ला, दुसरा रोज चाकूच्या धारेवर जगला. दोघांपैकी खरा आंबेडकरी कोण, असा निवाडा करायची आपल्याला घाई असते. बाबुराव निवाडा करत नाहीत. ते दोघांनाही एकाच पानावर समोरासमोर उभे करतात आणि वाचकाला विचारात पाडतात. पात्राची प्रेरणा समजणे म्हणजे हे दोन्ही पाहणे: त्याला मागून काय रेटत होते, आणि तरीही त्याने स्वतः काय निवडले.

मारणाऱ्यांचे काय? कालपर्यंत ज्यांनी मान दिला तेच मारायला का उठले? ते क्रूर स्वभावाचे होते, असे म्हणावे तर कालचा मान खोटा ठरतो. आणि तो खोटा नव्हता. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ ग्रंथात बाबासाहेबांनी या कोड्याची उकल करून ठेवली आहे. हिंदू जात पाळतात ते अमानुष आहेत म्हणून नव्हे, ते धार्मिक आहेत म्हणून. तेव्हा लढाई जात पाळणाऱ्या माणसाशी नाही, त्याला तो धर्म शिकवणाऱ्या शास्त्रांशी आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. कथेच्या शेवटी नायक काशिनाथला जे सांगतो त्याचे मर्म हेच: मला यांनी नाही मारले, मनूने मारले. कित्येकांना हे उत्तर मवाळ वाटते. आम्हाला ते सर्वात कठोर वाटते. कारण माणसाला माफी मिळू शकते, मनूला नाही.

अण्णाभाऊ साठ्यांची ‘स्मशानातील सोनं’ घ्या. भीमा दांडगा, कष्टाळू गडी. पोटासाठी मुंबईला आलेला, खाणीत राबणारा. खाण बंद पडते. घरी बायको, लेक. योगायोगाने स्मशानातल्या राखेत त्याला सोने सापडते आणि मग तो रात्री राख चाळू लागतो, पुढे प्रेते उकरू लागतो. गाइडवाले लिहितील, भीमा निर्भय होता, किंवा भीमा लोभी होता. पण कथेचा क्रम नीट पाहा. आधी खाण बंद पडली, मग सोने दिसले. हाताला काम असते तर त्या राखेकडे त्याने ढुंकूनही पाहिले नसते. आणि अण्णाभाऊ तेवढ्यावर थांबत नाहीत. पहिल्या दिवशीची भूक पुढे तशीच राहत नाही. तिचा धंदा होतो, धंद्याची सवय होते, ताकदवान माणसाची त्यात रग उतरते. प्रेरणा ही दगडावरची रेघ नसते, कथेबरोबर ती बदलत जाते. शेवटी प्रेताच्या जबड्यात अडकून भीमाची बोटे जातात, आणि खाण पुन्हा सुरू होते! काम परत आले तेव्हा काम करणारा हात गेला होता. हा शेवट ज्याला कळला त्याला भीमाचा ‘स्वभाव’ वेगळा लिहावा लागत नाही.

याउलट प्रेमचंदांची ‘कफन’. त्यांच्या अखेरच्या काळातली ही कथा. घरातली सून बाळंतपणात तडफडून मरते आणि बापलेक तिच्या कफनाच्या पैशाची दारू पितात. राबणाऱ्यांचेही हाल संपत नाहीत तेथे यांनी तरी का राबावे, असे कारण प्रेमचंद देतात. तरीही हिंदीतील दलित समीक्षकांनी या कथेवर कठोर आक्षेप घेतले आहेत. आम्हाला वाटते, वादाचे मूळ हेतूतच आहे. लेखकाने एक ओळ कारणाची दिली आणि पानेच्या पाने निलाजरेपणाची दिली, तर वाचकाच्या मनात काय उरते? कारण सांगणे पुरेसे नाही, ते वाचकाला जाणवले पाहिजे.

स्त्रीपात्रांच्या बाबतीत तर ही चोरी सर्रास होते. बाबुरावांच्या ‘आई’ कथेत पांडूला शाळेत पोरे त्याच्या विधवा आईवरून टोचून बोलतात. मुकादमाशी तिचे नाव जोडतात. वाचकही पटकन निकाल देतो: वाईट चालीची. तिच्या वाट्याला आलेले नवऱ्याचे संशय, वैधव्याची वर्षे, पोराला वाढवण्याची एकटीची लढाई आणि तिचे स्वतःचे, एका जिवंत बाईचे मन, यांचा हिशेब कोण करणार? पोरगा करू शकत नाही, तो लहान आहे. वस्ती करत नाही, तिला चघळायला विषय हवा. राहिला तो वाचक. तोही करणार नसेल तर ही कथा कोणासाठी लिहिली?

कोणी म्हणेल, कथा-कादंबरीचे एवढे काय घेऊन बसलात? बाहेर बाया-माणसे मारली जात आहेत. होय, आणि तेथेही हाच प्रश्न उभा राहतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीला काय पसरवले गेले? अनैतिक संबंधांतून घडले म्हणे! म्हणजे मेलेल्या बाईच्या माथी ‘चाल’ मारायची आणि मारणाऱ्यांचा हेतू झाकायचा. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, पण अॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. २०१० साली नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा २५ वर्षांच्या कारावासावर आणल्या आणि गुन्ह्यामागे सूड होता, जात नव्हे, असे मानले. जमिनीचा वाद, साक्षीचा राग, सूड. सारे खरे धरले तरी प्रश्न उरतो: असा सूड असा, गाव जमवून, कोणावर उगवता येतो? तेथे जात नसेल तर कोठे आहे?

१९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्यातील गंभीर गुन्ह्यांच्या कलमात, पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा झाल्याचे सिद्ध करावे लागत असे. मनातले कारण सिद्ध कसे करणार? आरोपी सुटत. २६ जानेवारी २०१६ पासून दुरुस्ती लागू झाली आणि आता ती व्यक्ती त्या समाजाची आहे हे आरोपीला ‘माहीत असताना’ केलेला गुन्हा एवढे पुरते. दोन शब्द बदलायला पंचवीसहून अधिक वर्षे लागली. हेतू कोण वाचतो आणि कसा वाचतो, यावर माणसांचा न्याय अवलंबून असतो, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. आपली मुले उद्या वकील होतील, फौजदार होतील, पत्रकार होतील, न्यायाधीश होतील. एफआयआर लिहिताना, बातमी लिहिताना, निकाल लिहिताना माणूस असा का वागला, हे त्यांना वाचता आले पाहिजे. ते शिकण्याची सर्वात स्वस्त शाळा म्हणजे कथा. जयंतीच्या पंधरवड्यात डीजेला आणि भाषणांना दिवस पुष्कळ असतात. एक संध्याकाळ विहारात, वाचनालयात एका कथेसाठी ठेवा. एकाने मोठ्याने वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी. मग पात्राबद्दल चारच प्रश्न विचारावेत. याला काय हवे होते? ते मिळण्याच्या आड कोण उभे होते? याच्यापुढे कोणकोणत्या वाटा होत्या आणि त्यातल्या किती आधीच बंद केलेल्या होत्या? उरलेल्यांतून याने कोणती निवडली आणि त्याची किंमत काय दिली?

आणि कोणी पोरगा उठून म्हणालाच की, “सर, तो मुळातच तसा होता”, तर त्याला रागावू नका. एवढेच विचारा: “तुझ्या आजोबांविषयी गावाने हेच म्हटले होते. तुला ते पटले होते का?”